आजार टोल्याच्या माथी

कापसाची दुसरी वेचणी सुरू झाली की करंजझरी गाव सकाळीच रिकामं होतं. घरी राहतं ते एक तर म्हातारं माणूस, नाही तर आजारी. भागीरथाच्या घरी त्या सकाळी आजारी माणूस होतं. तिचा थोरला मुलगा निकेश नागपूरहून आला तो अंगात ताप घेऊनच. तिकडे त्याच्या खोलीवरची सगळीच पोरं खोकत होती म्हणे. आल्यापासून तो मधल्या खोलीत गोधडी पांघरून पडला होता आणि त्याचा खोकला ऐकून भागीरथाच्याच बरगड्या दुखत होत्या.

मागच्या अंगणात मंगली त्याच्या चादरी धूत होती. मंगली टोल्यातली. गाव उतारावर वसलेलं. उतार संपतो तिथे ओढा, ओढ्यावर रपटा म्हणजे बुटका पूल, आणि रपट्यापलीकडे गोंडांची थोडी घरं. त्याला सगळे टोला म्हणत. लग्न होऊन आल्यापासून मंगली भागीरथाच्या घरी आणि वावरात राबत होती. निंदण, वेचणी, तूर निवडणं, सारवण, सगळं तिच्या हातचं. आता तिला सातवा महिना लागला होता, म्हणून भागीरथानं तिला वावरातून काढून घरकामाला लावलं होतं. "पोटुशी बाई, उन्हात कायले मरते," असं तिनं चारचौघींत म्हटलंही होतं. आपण मंगलीवर माया करतो, असंच ती समजत होती. त्या मायेत मंगलीचा चहा वेगळ्या कपात असे, आणि तिनं उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं. हे सासूच्या काळापासून चालत आलेलं. चालत आलेल्या गोष्टीकडे माणूस वळून पाहत नाही.

"झालं का वं धुनं?" भागीरथानं दारातून विचारलं.

"झालं बाई." मंगलीनं पिळलेली चादर दोरीवर टाकली. "निकेशभाऊले दवाखान्यात काऊन नाई नेत? रातभर खोकलते म्हनता."

भागीरथानं आधी गल्लीकडे पाहिलं, मग आवाज खाली घेतला. "हवा बदलली म्हून सर्दी झाली. अन् हे पाय, बाहेर कोनाजवळ बोलू नको. वरोऱ्याचे पाहुने घर पाहाले येऊन राह्यले. पोरगा आजारी हाय असं कानावर गेलं तं सोयरीक हातची जाईन."

"मी कायले सांगू, बाई?" मंगली म्हणाली. तिनं कमरेला हात लावून पाठ सरळ केली आणि उरलेली गोधडी उचलली.

दुपारी वावरात डबा घेऊन जाताना भागीरथाला रपट्याजवळ आरोग्य खात्याची गाडी उभी दिसली. गावाची सांडपाण्याची बंदिस्त नाली तिथेच उघडी पडून ओढ्यात मिळते. उपकेंद्रातली नर्स रंजीता, तोंडाला मास्क आणि हातात लांब दांड्याची बाटली घेऊन, नालीच्या तोंडाशी वाकली होती. शेजारी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतला एक माणूस बर्फाची पेटी उघडून बसला होता. भोवती रिकामटेकड्यांचा घोळका होता आणि त्यात खुद्द गुणवंतराव, भागीरथाचा नवरा, गावचा उपसरपंच.

"म्याडम, आता आमची घान तपासता का?" गुणवंतराव हसत म्हणाला. "मंग निकाल लागला का पेढे वाटू."

घोळका हसला. रंजीता नाही हसली. तीही याच भागातली, जिवती तालुक्याकडची. असल्या हसण्याची तिला सवय होती. तिनं बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि म्हणाली, "भाऊ, घरोघरच्या संडासाच्या टाकीचं पाणी, न्हाणीचं पाणी याच नालीत येते ना? ज्याच्या अंगात फ्लूचा विषाणू हाय, त्याचा अंश त्याच्या मळातून, थुंकीतून इथवर येते. माणूस दवाखान्यात जायाच्या आधीच नाली सांगते का गावात आजार शिरला. शहरात कोरोनापासून असं करून राह्यले. आता आपल्या इकडच्या काही गावांत करून पाहतो."

"कोनाच्या घरी शिरला, तेही सांगते का?" कुणीतरी विचारलं.

"नाई. नालीत सगळ्यायचं पानी एकच होते. ते नाव सांगत नाई, फक्त सावध करते."

भागीरथानं डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. घरी मधल्या खोलीत खोकणाऱ्या पोराची तिला आठवण झाली. पण 'नाव सांगत नाई' हे ऐकून तिला हायसं वाटलं, आणि ती पुढे चालू लागली.

निकाल आला तो रंजीता स्वतः घेऊन आली. ग्रामपंचायतीच्या ओसरीवर माणसं जमली. बाया एका बाजूला भिंतीला टेकून बसल्या. त्यांत भागीरथा होती. टोल्यातून चैतू आला होता. चैतू मंगलीचा नवरा, कमी बोलणारा. पायऱ्यांच्या खाली, चप्पल काढतात तिथे तो उभा होता.

"फ्लूचा विषाणू सापडला, आणि प्रमाण बरंच हाय," रंजीता म्हणाली. "घाबरायचं काम नाई. पण ज्याले ताप-खोकला असंन त्यानं लपवू नये. उपकेंद्रात या, औषध फुकट हाय. म्हातारी माणसं, लहान लेकरं अन् गर्भार बाया, यायले लवकर औषध भेटलं तं धोका टळते. उशीर झाला तं छातीत उतरते."

माणसं एकमेकांकडे पाहू लागली, आणि ज्याच्या त्याच्या मनात आपापल्या घरचा खोकला वाजू लागला. गुणवंतरावाच्याही मनात तो वाजला असेलच. पण तो उपसरपंच होता, आणि दोनच दिवसांवर पाहुणे होते. खोकल्याला दुसरं घर शोधून देणं त्याला भाग होतं.

"मले एक सांगा, म्याडम," तो सावकाश म्हणाला. "पानी कुठून घेतलं तुमी?"

"नालीच्या तोंडाशी."

"म्हनजे टोल्यापाशी." त्यानं सगळ्यांकडे पाहिलं. "झालं तं मंग. आजार टोल्यात हाय."

मला वाटतं, असत्य एवढं अलगद क्वचितच जन्माला येत असेल. कुणी रागावलं नाही, कुणी शिवी दिली नाही. ओसरीवरच्या माणसांचे खांदे फक्त सैल झाले. "खरी गोष्ट हाय," सरपंच नानाजी म्हणाला. तो सदा गुणवंतरावाच्या मागून मान हलवणारा. "ते लोकं जंगलात फिरतेत, काही बी खातेत." "अंग धूत नाईत," दुसऱ्यानं जोड दिली.

"अहो, काय बोलता!" रंजीता उभी राहिली. "नाली गावातून वाहत खाली येते, टोल्यातून गावात नाई चढत. अन् टोल्यात एका तरी घरी संडास हाय का? दोन वर्षं झाले, नुसते खड्डे खोदून ठेवले तुमी. त्यायच्या घरचा थेंब या नालीत येत नाई. हा आजार टोल्यातल्या मानसाचा असूच शकत नाई. वरच्या घरातला हाय."

"कोनाच्या घरातला? नाव सांगा," गुणवंतराव म्हणाला.

रंजीता थांबली. नाव तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी तिनं घेतलं नसतं.

"पाहा," गुणवंतराव हसून म्हणाला. "सरकारी मानसं दोन्ही बाजूनं बोलतेत."

भिंतीला टेकलेल्या भागीरथाच्या जिभेवर नाव होतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे पाहत नव्हता. तिनं पायरीखालच्या चैतूकडे पाहिलं. तो आपल्या हातांकडे पाहत होता. आपल्याला कुणी विचारलंय थोडंच, असं म्हणून तिनं डोक्यावरचा पदर नीट केला.

त्याच संध्याकाळी रपट्यावर आडवी बल्ली, जाड लाकडी वासा, बांधली गेली. टोल्यातल्यांनी गावात यायचं नाही, पिठाच्या चक्कीवर नाही, दुकानात नाही, हापशीवर नाही, वेचणीला तर नाहीच. आजार सरेपर्यंत. तो सरला हे कोण ठरवणार, हे कुणी विचारलं नाही.

रंजीता बल्लीखालून वाकून रोज टोल्यात जात राहिली. पण आता तिला वेगळ्याच अडचणीला तोंड द्यावं लागलं. टोल्यात कुणी खोकतच नव्हतं. म्हाताऱ्या तोंडात पदर कोंबून बसत. तापानं फणफणलेलं लेकरू घरामागे लपवलं जाई. जो खोकेल तो अख्ख्या टोल्याला खोटं पाडेल, 'पाहा, त्यायच्यातच होता' असं म्हणायला गावाला जागा देईल, हे लहान पोरांनाही कळलं होतं. वयोवृद्ध इसरू तिला स्पष्टच म्हणाला, "ताई, आमाले आजारी पडाची परवानगी नाई."

मंगलीच्या दारात रंजीता दोनदा गेली. "कसं वाटते? ताप गिप?"

"बरी हावो, ताई," मंगली म्हणाली. तिनं पाठ भिंतीला टेकली होती आणि श्वास दोन तुकड्यांत घेत होती. रंजीतानं तिच्या कपाळाकडे हात नेला, तर तिनं मान बाजूला घेतली. "चुलीजवळ बसली होती, म्हून गरम लागन."

"औषध देऊन ठेवतो. घे."

"मले काई झालंच नाई, तं औषध कायचं?"

इकडे वरोऱ्याचे पाहुणे येऊन गेले. निकेशचा ताप उतरला होता. नवा शर्ट घालून तो त्यांच्यासमोर बसला आणि एकदाच खोकला. गुणवंतराव म्हणाला, थंडी पडली यंदा लवकर. पाहुण्यांनी घर पाहिलं, कापसाचा ढीग पाहिला, आणि जाताना रपट्यावरच्या बल्लीकडे पाहून विचारलं, "हे काय?"

"खालच्या लोकायची बिमारी हाय. गाव जपा लागते," गुणवंतराव म्हणाला. पाहुण्यांना तो कर्तबगार माणूस वाटला. भागीरथा दारात उभी राहून हे ऐकत होती. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी गेलं.

त्यानंतर एका दिवशी तिसऱ्या प्रहरी ती वावरातून परत येत असताना रपट्याकडून आरडाओरडा ऐकू आला. बल्लीच्या पलीकडे चैतू उभा होता. कमी बोलणारा चैतू ओरडत होता. त्याच्या मागे बाजेवर मंगली होती. बाज दोघांनी धरली होती. तिचे ओठ जांभळे पडले होते, आणि घशातून सूं सूं असा आवाज येत होता.

"प्रफुलभाऊ, आटो काढा ना! हात जोडतो. एकशे आठची गाडी दुसरीकडं गेली, लय वेळ लागते म्हनते. ते दम तोडून राह्यली हो!"

बल्लीच्या अलीकडे प्रफुल आपल्या ऑटोला टेकून उभा होता. तो गुणवंतरावाच्या धाकट्या भावाचा मुलगा. त्याचा चेहरा पडला होता, पण पाय हलत नव्हते. "मोठ्या बाबानं सांगतलं, टोल्यातलं कोनी बसवाचं नाई. मंग गावात माह्या आटोत कोन बसंल?"

भागीरथा तिथेच थबकली. मंगलीनं डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार असती तर भागीरथाला कदाचित बरं वाटलं असतं. पण त्यात फक्त ओळख होती.

पुढे काय केलं ते भागीरथाला नीट आठवत नाही. डोक्यावरचं कापसाचं गाठोडं रस्त्यात पडलं. बल्लीची दोरी सुटेना, तर तिनं कमरेचा विळा काढून ती कापली. बल्ली ओढ्यात गेली.

"मोठीमाय, काय करता!" प्रफुल ओरडला.

"आटो चालू कर."

"पन मोठा बाबा..."

"तुह्या मोठ्या बाबाले मी पाहातो. चालू कर, नाई तं चाबी दे, मी ढकलत नेतो!"

प्रफुलनं ऑटो सुरू केला. चैतूनं मंगलीला उचलून आत ठेवलं आणि भागीरथा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. जन्मात पहिल्यांदा ती मंगलीला इतकी चिकटून बसली होती. तिच्या अंगाची आग लुगड्यातून मांडीला लागत होती. रस्ता सिमेंटच्या ट्रकांनी उखडलेला, प्रत्येक खड्ड्याला मंगली कण्हायची, "यायो, यायो." गोंडीत आईला यायो म्हणतात, एवढं भागीरथाला ठाऊक होतं.

"मंगले, काऊन नाई सांगतलं वं? रंजीता ताई रोज येत होती. औषध होतं तिच्याजवळ."

एकेक शब्द मंगली ओढून काढत होती. "सांगतलं असतं... तं ते पुसती... कुठून लागला." तिनं श्वास घेतला. "निकेशभाऊच्या चादरी... तुमी म्हनलं होतं ना बाई... बोलू नको."

समोर बसलेल्या चैतूनं मान वर करून भागीरथाकडे पाहिलं. त्याला हे आत्ताच कळत होतं.

तालुक्याच्या दवाखान्यातून मंगलीला ऑक्सिजन लावून चंद्रपूरला हलवलं. डॉक्टरांनी प्रयत्नांची शर्थ केली. मंगली वाचली. पोटातला मुलगा वाचला नाही. "फ्लू छातीत उतरला होता," डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या. "दोन-तीन दिवस आधी औषध मिळालं असतं तर दोघंही घरी असती. इतके दिवस काय करत होता तुम्ही?" उत्तर द्यायचं होतं ते व्हरांड्यातल्या बाकावर बसलेल्या भागीरथानं.

चैतूनं ते एवढंसं बाळ टोल्यात आणलं आणि त्यांच्या रीतीप्रमाणे मोहाच्या झाडाखाली पुरलं. तोंडात दूध न पडलेलं लेकरू मोहाच्या मुळाशी ठेवतात. झाड त्याला पाजतं, असं मानतात. गावातून तिथे कुणी गेलं नाही.

घरी गुणवंतराव वाट पाहत होता. "गावात तोंड दाखवाले जागा नाई ठेवली तू," तो म्हणाला. "वरोऱ्याचा फोन आला होता. होकार हाय. आता काई दिवस गप राय."

"त्यायले सांगतलं का, पोरगा तापानं पडला होता म्हून?"

"काऊन सांगू? बरा झाला तो."

"मंगलीचा पोरगा मेला."

"मंग मी काय करू? मी मारला का?"

मधल्या खोलीच्या दारात निकेश येऊन उभा राहिला होता. त्यानं आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. भागीरथा म्हणाली, "मारला नाई कोनी. आपन नुसतं गप राह्यलो."

ग्रामसभा भरली तेव्हा विषय होता बल्ली कोणी तोडली हा. नानाजीनं तो वाचला आणि नेहमीप्रमाणे गुणवंतरावाकडे पाहिलं. त्याआधीच भिंतीजवळच्या बायांतून भागीरथा उठली. ती आजवर सभेत कधी बोलली नव्हती. तिनं खांबाला हात लावला.

"बल्ली म्या तोडली. अन् आजार माह्या घरून गेला."

"खाली बस," गुणवंतराव दातांतून म्हणाला.

"नाई बसत. माहा निकेश नागपूरहून तापात आला. सोयरीक मोडन म्हून आमी लपवलं. त्याच्या चादरी पोटुशा मंगलीजवळून म्या धुवून घेतल्या, अन् तिले म्या सांगतलं, बोलू नको. ते नाई बोलली. तिच्या टोल्याले तुमी रोगी म्हनलं, तिचं दानापानी बंद केलं, तरी ते नाई बोलली. अन् मी इथीच, या भिंतीले टेकून, सगळं ऐकत बसली होती."

कुणीतरी खाकरलं. भागीरथानं तिकडे वळून पाहिलं. "माह्या एकटीच्याच घरी होता का खोकला? ज्याच्या घरी नव्हता त्यानं हात वर करा."

हात वर झाले नाहीत असं नाही. पण फार थोडे झाले, आणि त्यांतलेही काही अर्ध्यावरून खाली आले. शेवटच्या रांगेतला लटारू उठून म्हणाला, "माही माय खोकलत होती. आमी बी नाई सांगतलं." मग आणखी एक उठली. गुणवंतराव खुर्ची मागे सारून निघून गेला. त्या सभेत टोल्यावरची बंदी उठली. टोल्यातले संडास आधी पुरे होतील आणि मगच गावातलं दुसरं काम होईल, असा ठरावही झाला. ठराव होणं आणि काम होणं यांत आपल्याकडे किती अंतर असतं, ते वाचकांना सांगायला नको. पण त्या दिवसापासून भागीरथा त्या कामामागे लागली ती आजतागायत.

सोयरीक मोडली. गुणवंतराव तिच्याशी बोलेनासा झाला. निकेश मात्र परत जाण्याआधी एकटाच चैतूच्या दारात जाऊन आला. तिथे काय झालं ते त्यानं सांगितलं नाही.

मंगली दवाखान्यातून आल्याचं कळलं, तशी भागीरथाही टोल्यात गेली. मंगली अंगणात बसली होती. सुकून काडी झाली होती. अंगावर दूध येऊन त्रास होत असावा. तिनं छातीला फडकं घट्ट बांधलं होतं. भागीरथा तिच्यासमोर मातीत बसली.

"सभेत म्या सगळं सांगतलं," ती म्हणाली.

"इसरूबाबा सांगत होता."

"माहं चुकलं, मंगले."

मंगलीनं ओढ्याकडे पाहिलं. "तुमी खरं बोलल्या, बाई. कोनी नाई बोलत तसं बोलल्या. पन माहं पोरगं गेल्यावर बोलल्या."

भागीरथानं मान खाली घातली.

"मी येनार नाई आता कामाले. राग नाई. पन तुमच्या घरची वस्तू हातात घेतली का मले त्या चादरी आठोतीन." मग ती थांबून म्हणाली, "एक विचारू? पुढच्या साली अजून कायचा तरी आजार येईनच. तवा गाव पयले कोनाकडं बोट दाखवन?"

भागीरथाला 'आता तसं नाही होणार' असं म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आला होता. पण जिनं एकदा गप्प राहून लेकरू घालवलं, तिनं आता खोटा धीर देऊ नये, एवढं तिला कळलं.

"माईत नाई," ती म्हणाली.

मंगलीनं मान हलवली. निदान एवढं तरी खरं, असं काहीसं त्यात होतं. दोघी अंगणात बसून राहिल्या. ओढ्यापलीकडे गावात कुणाच्या तरी घरून खोकल्याचा आवाज आला, आणि टोल्यातल्या प्रत्येक दारातली माणसं एकाएकी गप्प झाली.